येऊ नका

त्या गावात आजारातून उठलेल्या माणसाला "बरा झालास का?" असं कुणी विचारत नसे. विचारत ते असं, "काय, येऊ नका मिळालं का?"

हे सगळं डॉक्टरसाहेबांमुळे झालं होतं. सरकारी दवाखान्यात ते पहिल्यांदा आले तेव्हा त्यांचे केस काळे होते आणि गावाचा डॉक्टर या प्राण्यावर विश्वास नव्हता. साहेब बोलायला महाकंजूस. आजाऱ्याला आडवं करायचे, डाव्या हाताचं बोट छातीवर टेकवून उजव्या हाताच्या बोटानं त्यावर टकटक वाजवायचे, दाराबाहेर कुणी आलंय का ते ऐकावं तसं ऐकायचे, गोळ्या द्यायचे आणि म्हणायचे, "परवा या." परवा गेलं की पुन्हा टकटक, पुन्हा "परवा या." असं करता करता एक दिवस ते टकटक संपवून खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "आता येऊ नका."

बस, एवढंच. पण माणूस तिथून जो निघायचा तो वाटेत भेटेल त्याला सांगत सुटायचा. 'येऊ नका' मिळाल्याशिवाय कामाला हात लावणं हा आगाऊपणा, आणि मिळाल्यावर पुन्हा दवाखान्याची पायरी चढणं म्हणजे डॉक्टरांचा शब्द खाली पाडणं. लहान पोरंसुद्धा खेळताना गुडघ्याला माती चोपडून एकमेकांना 'येऊ नका' देत.

गादीवाल्याचं घर दवाखान्याच्या मागच्या रस्त्याला, शेवटून दुसरं. घर म्हणजे पुढे पत्र्याची लांबट पडवी आणि मागे दोन खोल्या. पडवीत आढ्याला माणसाएवढं धनुष्य टांगलेलं. ते पिंजण. त्याच्या ताणलेल्या तातीवर गादीवाला लाकडी ठोका हाणायचा, तंऽव, तंऽव, आणि दगडासारखा झालेला कापूस ढगासारखा होऊन उडायचा. त्याच्या भुवया बाराही महिने पांढऱ्या. लग्नासाठी मुलगी बघायला गेला तेव्हाही त्या पांढऱ्याच होत्या, आणि मुलीच्या बापाला वाटलं, नवऱ्याचा बाप आला.

ती मुलगी आता पन्नाशीला आली होती. पिंजलेला कापूस खोळीत भरून लांब दाभणानं टाके घालणं हे तिचं काम. गाव तिला दाभणबाई म्हणे. निम्मं या कामामुळे आणि निम्मं जिभेमुळे. घरातलं तिसरं माणूस म्हणजे सासू. ती भिंतीला टेकून जुन्या गाद्या उसवायची. सगळा जन्म पिंजणाशेजारी बसून काढल्यामुळे तिला आता मोठ्यानं बोललेलंच ऐकू येई, आणि तेही सोयीनं.

त्या वर्षी दवाखाना कंपनीकडे गेला. सरकारनं चालवायला दिला असं कुणी म्हणालं, विकला असं कुणी म्हणालं. गावाला दिसलं ते एवढंच की हिरवा रंग खरवडून पांढरा दिला, बाहेरचं लाकडी बाक गेलं, आपोआप उघडणारं काचेचं दार आलं, आणि आतल्या सगळ्या कापसाच्या गाद्या मागच्या भिंतीवरून बाहेर फेकल्या गेल्या. त्यांच्या जागी निळ्या, चिकट, बसलं की पादल्यासारखा आवाज करणाऱ्या गाद्या आल्या.

फेकलेल्या गाद्या गादीवाल्यानं उचलून आणल्या. त्याच्याच हातच्या होत्या त्या. दर वर्षी थंडीच्या तोंडावर तो त्या पिंजून द्यायचा.

"गावानं ज्यांच्यावर पडून ताप काढला, त्या अशा टाकतात होय?" तो म्हणाला.

"ताप काढला, तो गेला कुठे? त्याच गादीत," दाभणबाई म्हणाली. "उन्हात टाका आधी. आणि तोंडाला फडकं बांधा."

फडकं त्यानं बांधलं. पण ते हनुवटीवरच राहायचं, कारण तोंडावर घेतलं की त्याला श्वास पुरत नसे. आणि श्वास का पुरत नाही, हे तो कुणाला सांगत नसे.

सांगायची गरजही नव्हती. दाभणबाई टाके घालायची ते पिंजणाच्या तालावर. तंऽव की टाका, तंऽव की टाका. त्या थंडीत तिचा टाका हवेतच राहू लागला. ठोका उशिरा येई. मग दोन घाईघाईनं येत, चोरी लपवल्यासारखे. मग बराच वेळ काहीच नाही. मान वर करून पाहिलं तर तो पिंजणाला धरून उभा, डाव्या बाजूला किंचित कललेला, गोणपाट एकीकडे ओढलं जावं तसा.

"काय झालं?"

"कुठे काय? ताती सैल पडली."

"ताती का छाती?"

"तू टाके घाल."

संध्याकाळी अंगात कणकण, जेवणावर वासना नाही. सदऱ्याची गळपट्टी एवढी सैल झाली की तिनं बटण सरकवून लावून दिलं.  तिनं जन्मात पुष्कळ खोळी सैल होताना पाहिल्या होत्या. आतला कापूस कमी झाल्याशिवाय खोळ सैल होत नाही.

"उद्या दवाखाना," ती म्हणाली.

"मशीनवाल्यांकडे?"

"डॉक्टरसाहेब आहेत ना अजून. कंपनीनं त्यांना ठेवलंय."

"एवढ्या गाद्या पडल्यात..."

"तुम्ही पडलात तर तुम्हाला काय मी उसवून भरू?"

काचेचं दार आपोआप उघडलं तेव्हा गादीवाला दचकून मागे सरला आणि दार पुन्हा मिटलं. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा दाभणबाईनं त्याला दंडाला धरून आत ओढलं. आत गार वारा. भिंतीवर मोठा पडदा, त्यावर हसणारी माणसं. त्यांच्यातलं एकही आजारी दिसत नव्हतं. कोपऱ्यात पाटी होती, 'आमच्यासाठी प्रत्येक ग्राहक मोलाचा'. दाभणबाई अक्षर लावत वाचायची, तिनं ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, "आपण चुकून दुकानात आलो की काय?"

चिठ्ठीवर आकडा मिळाला. खूप वेळानं तो आकडा दिव्यात उमटला आणि ती दोघं आत गेली.

डॉक्टरसाहेब होते. पण दाभणबाईला ते आधी ओळखूच आले नाहीत. गळ्यात टाय. टेबलाच्या पलीकडे संगणकाचा पडदा, आणि साहेबांचं तोंड त्या पडद्याकडे. बाजूच्या खुर्चीवर निळ्या जाकिटातली मुलगी बसलेली, शिंप्याची थोरली. ती आता इथे लोकांना समजावून सांगायच्या कामावर होती. छताच्या कोपऱ्यात एक काळा वाटोळा डोळा होता, त्यातला लाल ठिपका मधूनमधून मिचकत होता.

"काय होतंय?" साहेबांनी पडद्यालाच विचारलं.

गादीवाल्यानं सांगितलं. सांगताना नेहमीच्या सवयीनं तो सदऱ्याची बटणं सोडू लागला आणि झोपायचा पलंग कुठे ते शोधू लागला. पलंग नव्हता.

"राहू दे, काका," शिंप्याची मुलगी हळूच म्हणाली. "आता मशीनवर बघतात."

साहेबांनी नळी कानाला लावून सदऱ्यावरूनच एकदा पाठीला टेकवली. डावीकडे टेकवली तेव्हा ते थांबले. त्यांचं डाव्या हाताचं बोट आपोआप पाठीवर आडवं झालं, उजवा हात वर आला. मग त्यांची नजर छताकडे गेली, आणि तो हात टेबलावर जाऊन पडला. दाभणबाई त्या हातांकडे बघत राहिली. काम नसलेल्या माणसाचे हात असतात ना, कुठे ठेवावेत ते न कळणारे, तसे ते दिसत होते.

यंत्रातून कागद सरसर बाहेर आला. शिंप्याच्या मुलीनं तो घेतला आणि दाभणबाईला बाहेर टेबलाशी नेलं.

"काकू, यात बेसिक आहे, सिल्व्हर आहे आणि गोल्ड आहे."

"दागिने विकतेस का गं?"

"तपासण्या आहेत, काकू. ॲडमिट होऊन केल्या तर त्यात दोन वेळचं जेवण..."

"तुझ्या बापाकडे कापड टाकलं तर तो आधी अंगाचं माप घेतो. इथे माप न घेताच शिवायला बसलात?"

मुलगी लाल झाली. चांगली पोर होती. लहानपणी पडवीत कापसाच्या ढिगात उड्या मारून शिंकत घरी जायची. "मला जे सांगायला सांगतात ते सांगते हो, काकू," ती म्हणाली, आणि बोलता बोलता मागे वळून पाहिलं. दाभणबाईनंही पाहिलं. डॉक्टरसाहेब गादीवाल्याला दारापर्यंत सोडायला आले होते. उंबऱ्यावर, अर्धे आत अर्धे बाहेर, त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्याच्या कानाशी काही बोलले, आणि पटकन आत गेले. मुलीनं नजर कागदात घातली.

गादीवाला आला तो उजळलेल्या चेहऱ्यानं.

"चल घरी. 'येऊ नका' मिळालं."

"आत्ताच?"

"आत्ताच."

"अहो, ठोकलं नाही, गोळी नाही, परवा या नाही, नि एकदम येऊ नका?"

"एवढ्या वर्षांचा हात आहे. नुसतं बघून कळतं त्यांना. मी नाही का गादीकडे बघून सांगत, कुठे कापूस बसलाय ते?"

दाभणबाईला पटलं नाही. पण रस्त्यानं चालता चालता तिला एकदम हलकं वाटू लागलं. पटवून घ्यायची इतकी इच्छा असल्यावर माणूस किती वेळ तोलून बघणार? थंडी आलेली, गाद्यांचा ढीग आढ्याला लागलेला. कोपऱ्यावर तिनं त्याला गरम दूध पाजलं आणि मिशीवरची साय आपल्या पदरानं पुसली, भर रस्त्यात. तो लाजला.

सासूला बातमी ओरडून सांगितली. ती तेवढी तिला पहिल्या दमात ऐकू गेली. मग म्हातारीनं दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून वाटली.

"यंदा 'येऊ नका' फार स्वस्त झालंय," कापसाच्या गासड्या टाकायला आलेला टेम्पोवाला हसत म्हणाला. "वीटवाल्याला मिळालं, दूधवालीच्या पोराला मिळालं, लोहाराच्या म्हातारीला तर पहिल्याच फेरीत. कंपनी आल्यापासून साहेबांचा हात सैल सुटलाय."

सगळे हसले. दाभणबाईही हसली.

आणि गादीवाला कामाला लागला. एका मोठ्या वसतिगृहाच्या गाद्या आल्या होत्या. सकाळी उन्हं पडवीत शिरली की धूळ त्यांत उभी राहायची, खांबासारखी. त्या खांबात तो ठोके घालायचा. पहिल्या दिवसांत बरे घातले. बरे झालात असं सांगितलंय म्हटल्यावर माणूस अंगातलं आहे-नाही ते गोळा करून बरा होतो. पण तो साठा किती पुरणार?

ठोके पुन्हा विरळ झाले. वाक्यं तुकड्यानं येऊ लागली. "ती... खोळ... दे." रात्री तो आडवा होईना, गासडीला पाठ टेकून बसल्या बसल्या झोपायचा. विचारलं तर म्हणायचा, "या दवाखान्याच्या गाद्यांचा कापूसच जड आहे. भिजलेला असणार."

रोज दुपारी त्याच्या फोनवर एक गोड आवाज यायचा. "आपण सुचवलेल्या तपासण्या केलेल्या नाहीत. आपलं आरोग्य आमची जबाबदारी. कृपया परत या."

"मशीन आहे ते," गादीवाला धापा टाकत म्हणायचा. "त्याला... काय माहीत, साहेबांनी काय सांगितलंय."

एका सकाळी टेम्पोवाला स्वतःची गादी न्यायला आला. एकजणाची गादी, गादीवाला ती एका हातानं उचलायचा. त्यानं दोन्ही हातांनी उचलली, छातीशी धरली आणि तसाच खाली बसला, गादीला मिठी मारून. ओठ निळसर झाले होते. टेम्पोवाल्याला आधी वाटलं थट्टा करतोय.

दाभणबाईच्या हातातला दाभण खाली पडला.

"उठा. दवाखान्यात."

त्यानं मान हलवली. "तोंड... कसं दाखवू त्यांना? येऊ नका... मिळाल्यावर?"

"त्यांनी काय म्हटलं होतं? अगदी जसंच्या तसं सांगा."

"किती... वेळा..."

"जसंच्या तसं!"

गादीवाला नकला चांगल्या करायचा. त्या अवस्थेतही त्यानं साहेबांसारखी मान खाली घातली, तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "तुम्ही आता इथे येऊ नका."

"इथे?"

"हो... इथे. मग कुठे?"

दाभणबाई तशीच उभी राहिली. तिला स्वतःला आयुष्यात तीनदा 'येऊ नका' मिळालं होतं, सासूला कितीदा तरी. "आता येऊ नका." कधीही, एकदाही त्यात 'इथे' नव्हतं. इथे नाही तर दुसरं कुठे जायचं, हा प्रश्नच तेव्हा नव्हता.

"सांभाळ रे यांना," ती टेम्पोवाल्याला म्हणाली.

साहेबांचं राहायचं घर दवाखान्याच्या आवारात, मागच्या बाजूला. फाटकावरचा रखवालदार नवा होता. आजाऱ्यांनी पुढच्या दारानं जायचं, म्हणाला. दाभणबाई परत फिरली, साहेबांची पिंजायला आलेली गादी गुंडाळून डोक्यावर घेतली आणि पुन्हा गेली. गादी पोचवायला आलेल्या बाईला कोण अडवतो?

साहेब जेवायच्या सुट्टीत घरी आले होते. टाय सोडून खुर्चीच्या पाठीवर टाकलेला. ताट पुढ्यात होतं आणि ते भिंतीकडे बघत होते.

"वहिनी! कसे आहेत आता? पाणी काढलं का?"

"कसलं पाणी?"

"छातीतलं. डावीकडे पाणी झालंय ना त्यांच्या. मोठ्या शहरात गेला नाहीत तुम्ही? तिथल्या सरकारी छातीच्या दवाखान्यात?"

"कोण म्हणालं आम्हाला जायला?"

"मी सांगितलं त्यांना. इथे येऊ नका म्हणून."

दाभणबाईनं डोक्यावरची गादी खाली टाकली. तिची जीभ कशी होती ते गावाला ठाऊक होतं. पण ती बोलली ते हळू आवाजात.

"साहेब, तुम्ही सगळा जन्म आम्हाला एक शब्द शिकवलात. आम्ही अडाणी, पण तेवढा पाठ केला. आणि आता त्याचा अर्थ बदललात, तर दवंडी नको का द्यायला?"

साहेबांना कळायला क्षण लागला. मग कळलं, तसे ते हळूहळू बसत गेले, खुर्चीत होते तरी.

"तिथे बोलता येत नाही, वहिनी," ते म्हणाले. "तो डोळा ऐकतोसुद्धा. रोज सकाळी आम्हाला उभं करून पडदा दाखवतात. कुणी किती तपासण्या लिहिल्या, किती जण भरती केले. माझं नाव सगळ्यात खाली असतं. पोरगेल्या मॅनेजरनं परवा सगळ्यांसमोर टाळ्या वाजवायला लावल्या, मी एक पायरी वर आलो म्हणून." त्यांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. "छाती ठोकून बघू नका म्हणतात. वेळ जातो, आणि बिल होत नाही. तुमच्या नवऱ्याला तिथे ठेवलं असतं तर घर विकावं लागलं असतं. शहरात फुकट होतं सगळं, गोळ्यासुद्धा. मला वाटलं, एवढं म्हटलं की समजेल."

"नोकरी सोडायची होती."

"सोडली तर इथे 'येऊ नका' म्हणायलाही कुणी राहणार नाही, असं वाटायचं." त्यांनी ताट बाजूला सारलं. "चांगलं वाटायचं ते म्हणताना. म्हटलं, एक माणूस वाचवला."

"किती जणांना म्हणालात?"

साहेब बोटांवर मोजू लागले आणि मधेच थांबले. मग दाभणबाईच एकेक सांगू लागली, कारण गावात बातम्या वाटल्या गेल्या होत्या त्या तिच्याच पडवीत. वीटवाला. दूधवालीचा पोर. पाणवठ्याजवळ राहणारी, जावई गेलेली बाई. प्रत्येक नावाला साहेबांची मान हलत होती.

"लोहाराची आई?" त्यांनी विचारलं.

"ती गेली. पंधरवडा झाला. वय झालं होतं म्हणाले सगळे. जाईपर्यंत सांगत होती, मला येऊ नका मिळालंय."

बाहेर कुणाच्या तरी बादलीचा आवाज झाला. साहेब उठले. हात धुतले, नीट, बोटांच्या पेरांपर्यंत, पूर्वी धुवायचे तसे. टाय खुर्चीवरच राहिला.

"चला," ते म्हणाले.

भर दुपारी ते तिच्या मागून फाटकाबाहेर पडले. रखवालदार उठून उभा राहिला. काचेच्या दारामागे शिंप्याची मुलगी उभी होती, तिनंही पाहिलं. कंपनीच्या कागदावर साहेबांनी सही केली होती की दवाखान्याबाहेर कुणाला तपासणार नाही. ते गावातल्या पोराटोरांनाही माहीत होतं.

पडवीत टेम्पोवाल्यानं गादीवाल्याला गासडीला टेकवून बसवलं होतं. साहेबांना बघून तो अपराध्यासारखा उठू लागला.

"मी... येत नव्हतो, साहेब. हिनंच..."

"बसा."

साहेबांनी त्याचा सदरा वर केला. डावं बोट पाठीवर आडवं ठेवलं आणि उजव्यानं ठोकलं.  उजव्या बाजूला आवाज आला तो पोकळ, उघड्या पेटीसारखा. मग डावीकडे. वर पोकळ. थोडं खाली आले, आणि आवाज एकदम मेला. बद्द. भिजल्या गादीवर काठी मारावी तसा. साहेबांनी पुन्हा ठोकलं. बद्द. ते दाभणबाईलाही ऐकू आलं, टेम्पोवाल्यालाही. पुढे झुकून कानावर हात धरलेली म्हातारी तेवढी विचारत होती, "काय म्हणतात? काय म्हणतात?"

"इथपर्यंत पाणी आहे," साहेब म्हणाले. "आजच निघायचं. टेम्पो रिकामा आहे का रे?"

टेम्पोत दवाखान्याच्याच चार जुन्या गाद्या टाकल्या, ताज्या पिंजलेल्या. आडवं होता येत नव्हतं, म्हणून त्या उभ्या करून मधे गादीवाल्याला बसवलं. साहेब त्याच्याशेजारी चढले, पाय दुमडून, म्हाताऱ्या माणसाला चढावं लागतं तसे, आधी गुडघा मग हात. दाभणबाई दुसऱ्या बाजूला. खड्डा आला की दोघं मिळून त्याला धरायची.

"चांगल्या झाल्यात ना... गाद्या?" गादीवाल्यानं विचारलं.

"बोलू नका," दोघंही एकदम म्हणाली.

शहरातला दवाखाना म्हणजे जत्रेतला मांडव. खाट नव्हती. गादीवाल्याला मिळाली ती दोन खाटांमधली फरशी. पण त्याच्यापाशी स्वतःच्या गाद्या होत्या, आणि शेजारच्या एका आजाऱ्यालाही त्यानं एक दिली. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी सुई घालून पाणी काढलं. पिवळसर, बाटली भरली, दुसरी लावली. कपाळावरचा घाम न पुसताच त्या पुढच्याकडे वळल्या. त्या बाईंचे पाय सुजलेले होते, चपला सैल केलेल्या. ओरडायच्या सगळ्यांवर, पण कुणालाही सोडून पुढे जात नव्हत्या. क्षयाचं पाणी होतं. सहा महिने गोळ्या, म्हणाल्या, एकही चुकवायची नाही. आणि पिंजण आता दुसऱ्याला वाजवू दे.

साहेब त्याच टेम्पोनं परत गेले. पुढे काय झालं ते दाभणबाईला टेम्पोवाल्याकडून कळलं. ते घरी गेलेच नाहीत म्हणे. थेट वीटवाल्याच्या भट्टीवर उतरले. मग दूधवालीकडे. मग ज्यांना ज्यांना उंबऱ्यावर कानात सांगितलं होतं, त्या सगळ्यांकडे. चारचौघांत, दारात उभे राहून म्हणत होते, "मी दिलेलं येऊ नका परत घ्यायला आलोय." ओट्यावर, खाटेवर, विटांच्या ढिगावर माणसं बसवून ठोकत होते. सगळ्यात शेवटी लोहाराकडे गेले. तिथे काय बोलले ते कुणाला माहीत नाही. लोहारानं त्यांना पाणी दिलं, एवढं टेम्पोवाल्यानं पाहिलं.

गादीवाला घरी आला तेव्हा थंडी सरत आली होती. तो पडवीत बसायचा, फडकं नाकावर, आणि कापूस भरायचा. पिंजण दाभणबाईनं हातात घेतलं होतं, तेही पडवीबाहेर, झाडाला टांगून, वाऱ्याच्या बाजूला. तिचा ठोका जड पडायचा. तो आतून ओरडायचा, "अगं, वाजव, मारू नकोस!" ओरडायला दम आला होता, म्हणून ती ऐकून घ्यायची.

तशात एका सकाळी डॉक्टरसाहेब आले. डोक्यावर गादीची वळकटी, तीच, दाभणबाईनं पोचवलेली. हातात पत्र्याची पेटी. मागून शिंप्याची मुलगी, त्यांचा कंदिलाएवढा चहाचा डबा घेऊन. तिच्या अंगात जाकीट नव्हतं. तिला कुणी काही विचारलं नाही.

"गादी ठेवून घ्या," साहेब म्हणाले. "बहिणीकडे जातोय, तिथे खाट आहे."

त्यांनी पेटी खाली ठेवली, गादीवाल्याचा सदरा वर केला आणि ठोकलं. डावीकडे, वर. थोडं खाली. अजून खाली. पोकळ, पोकळ, पोकळ. पार तळाला थोडंसं बद्द.

"एवढं राहील काही दिवस," ते म्हणाले. "गोळ्या चुकवू नका. शहरात जात राहा. अजून येऊ... जाऊ नका म्हणेपर्यंत जायचं." स्वतःच्या शब्दांत ते अडकले, आणि गादीवाला खुदकन हसला.

दाभणबाई दारात येऊन उभी राहिली. तिच्या केसांवर, भुवयांवर कापूस होता. साहेब गेल्यावर या गावात छाती ठोकून ऐकणारं कुणी उरणार नव्हतं, हे तिला समजत होतं. बाकीच्यांनाही समजत असावं; कुणी त्यांच्याकडे सरळ बघत नव्हतं.

"काय म्हणाले ते, साहेब? कंपनीवाले?" तिनं विचारलं.

"विशेष काही नाही. मॅनेजरनं बोलावलं. म्हणाला, उद्यापासून येऊ नका."

भिंतीशी गादी उसवत बसलेल्या म्हातारीला त्यातलं शेवटचं तेवढं ऐकू गेलं. तिनं बोळक्या तोंडानं हसत दोन्ही हात वर केले.

"अगं बाई! तुम्हाला पण मिळालं? बरे झालात म्हणजे!"

 साहेब म्हातारीपुढे खाली बसले, तिला नीट ऐकू जावं म्हणून तिच्या कानाशी वाकले.

"हो, मावशी," ते मोठ्यानं म्हणाले. "जरा उशीरच लागला."